कुंपणाच्या आतली फुलं

माझ्या सासूबाईंना मी एकदा तोंडावर चोर म्हटलं होतं. मी 'चोर' म्हणाले की 'चोरी' म्हणाले, यावर नंतर पुष्कळ दिवस स्वतःशीच वाद घातला, जसं काही त्याने फरक पडणार होता. शब्द जपून वापरावेत असं मी वर्गात मुलांना सांगते. त्या संध्याकाळी ते शहाणपण कुठे गेलं होतं, देव जाणे.

घर आमचं भिंगारला, जुन्या बाजारापासून थोडं लांब, नव्या वसाहतीत. मी इथल्याच एका हायस्कुलात विज्ञान शिकवते. नवरा एमआयडीसीत नोकरीला. मुलगी पुण्याला शिकते, त्यामुळे घरात माणसं तीनच, आम्ही दोघं आणि ह्यांची आई. सासरे गेल्यावर त्या पारनेर तालुक्यातलं गाव सोडून आमच्याकडे राहायला आल्या. आमच्यात सासूला आत्याबाई म्हणतात, तर मीही आत्याबाईच म्हणते. येताना त्यांनी एक पत्र्याची पेटी, पितळेचे देव आणि सासऱ्यांची काळी छत्री एवढंच आणलं होतं. ती छत्री त्यांनी उन्हापावसात कधी उघडलेली मला आठवत नाही. तिची वाकडी मूठ उंचावरची फांदी खाली ओढायला बरी पडायची.

लष्कराच्या हद्दीतून पहाटेचा बिगुल ऐकू आला की आत्याबाई उठायच्या, आंघोळ उरकायच्या आणि उजाडता उजाडता बाहेर पडायच्या. सातच्या सुमाराला ओच्यात फुलं घेऊन परत. सोमवारी महादेवाला पांढरं, मंगळवारी आणि शुक्रवारी देवीला तांबडं, रविवारी खंडोबाला पिवळं. यात तडजोड नाही. मी त्या वेळी पोळ्या लाटत असायचे, एक डोळा घड्याळावर. फुलं कुठून येतात, हा प्रश्न सहा वर्षांत मला एकदाही पडला नाही. दूध पिशवीतून येत होतं, पाणी दिवसाआड नळाला येत होतं आणि फुलं आत्याबाईंच्या ओच्यातून येत होती.

मग एका मार्गशीर्षात, मधल्या सुट्टीत, आमच्या शाळेतल्या एक बाई मोबाईल पुढे धरून हसत शिक्षकांच्या खोलीत आल्या. वसाहतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी घराबाहेरच्या कॅमेऱ्यातलं चित्रण टाकलं होतं. नऊवारीतली एक म्हातारी कुंपणाला टेकून, टाचा उंचावून, छत्रीच्या मुठीने कण्हेरीची फांदी ओढत होती. फांदी दोनदा निसटली. तिसऱ्यांदा हाती आली तेव्हा म्हातारीने इकडेतिकडे पाहिलं आणि फुलं ओच्यात टाकली. खाली लिहिलं होतं, "ही आजी कोणाची? फुलचोरांचा बंदोबस्त झाला पाहिजे." त्याच्याखाली पंधरावीस हसरे चेहरे.

सगळ्या बायका हसल्या. ही माझी सासू आहे, असं मी म्हणाले नाही. मीही हसले. थोडं जास्तच हसले असेन, कुणाला संशय येऊ नये म्हणून.

घरी आले ती तणतणतच. चप्पलसुद्धा धड काढली नाही. आत्याबाई ओट्यापाशी लसूण सोलत बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर मोबाईल धरला. त्यांना आधी कळलंच नाही. "ही मीच हाय की गं," असं म्हणून त्या चक्क खूश झाल्या. मग मी सुरू झाले. माझे विद्यार्थी याच गल्ल्यांमध्ये राहतात, मला उद्या वर्गात उभं राहायचं आहे, लोक काय म्हणतील, चोरीची फुलं देवाला तरी कशी चालतात. एकदा सुरू झाले की मी मध्ये श्वास घेत नाही, असं आमचे हे म्हणतात. खरंच नाही घेतला.

"अगं, त्या घरातल्या म्हाताऱ्या बाबानंच मला..." त्या सांगू लागल्या.

"मला काही ऐकायचं नाही," मी म्हणाले.

आणि मग मी जे केलं ते आजही डोळ्यांपुढे आलं की मान खाली जाते. मी त्यांचा हात धरून त्यांना देव्हाऱ्यापुढे नेलं आणि म्हटलं, "यापुढे दुसऱ्याच्या कुंपणात हात घालणार नाही, म्हणा. घ्या तुमच्या लेकाची शपथ." नववीच्या वर्गाला मी दर वर्षी अंधश्रद्धेवर एक तास देते. शपथेवर माझा काडीचा विश्वास नाही. पण त्यांचा आहे हे मला पक्कं ठाऊक होतं आणि मी नेमकं तेच वापरलं. एकुलता एक मुलगा. लसणाच्या वासाचा हात देवापुढे धरून त्या पुटपुटल्या, "लेकाची आन हाय." बस, एवढंच.

राग उतरल्यावर मला थोडं ओशाळल्यासारखं झालं. माझी एक खोड आहे. चुकले असं वाटलं की मी माफी मागत नाही, कामाला लागते. दुसऱ्या दिवशी मी जाहीर केलं, "आत्याबाई, बारा महिने घरची, हक्काची फुलं मी तुम्हाला देईन. एक दिवस चुकणार नाही."

"बरं बाई," त्या म्हणाल्या.

घराच्या तिन्ही बाजूंना मिळून गुंठाभर जागा रिकामी होती. तिथे तोवर गवत, वाळत घातलेले कपडे आणि आमच्या ह्यांची मोडकी स्कूटर एवढंच होतं. मी कार्डशीटचा मोठा कागद आणला. आडवे चैत्र ते फाल्गुन बारा महिने, उभे तीन रंग, पांढरा, तांबडा, पिवळा. छत्तीस रकाने. एकही रिकामा राहता कामा नये. शाळेचं वेळापत्रक मी गेली कित्येक वर्षं करते. कुठल्या तासाला कुठला शिक्षक मोकळा आहे हे बघून पोकळी भरायची, तेच काम इथे झाडांना लावायचं होतं. मला त्याची नशाच चढली.

कण्हेर, तगर आणि जास्वंद ही बिचारी वर्षभर राबणारी माणसं, त्यांना सगळीकडे थोडं थोडं घालता येतं. पण कडक उन्हात जास्वंद रुसते, थंडीत तगर हात आखडता घेते. म्हणून प्रत्येक रकान्यात दोन दोन नावं हवीत, एक आजारी पडलं तर दुसरं. चैत्र-वैशाखात मोगरा. आषाढापासून जाई-जुई. श्रावणापासून तेरडा आणि गोकर्ण. नवरात्रापासून झेंडू, तोही एकदम लावायचा नाही, दर वीस दिवसांनी एकेक वाफा, म्हणजे एक संपता संपता दुसरा फुलतो. दिवाळीनंतर शेवंती. पौषात कोरांटी आणि कुंद. शेवंतीच्या काश्या, म्हणजे मुळापाशी फुटलेली पिल्लं, मी अकोळनेरच्या एका शेतकऱ्याकडून आणल्या. मुलीने पुण्याहून कुरिअरने पिवळ्या गुलाबाची दोन कलमं पाठवली. पाण्याची ओढ, म्हणून कपडे धुतलेलं शेवटचं पाणी, भाजी धुतलेलं पाणी, सगळं बादल्यांतून बागेत.

अडला तो फाल्गुन. शेवंती सरते, मोगरा अजून जागा झालेला नसतो, ऊन तापायला लागतं. पांढऱ्या रंगाचा फाल्गुनाचा रकाना आठ दिवस मोकळा राहिला. मी पुस्तकं पाहिली, मोबाईलवर व्हिडिओ पाहिले. शेवटी आत्याबाई कागदाकडे बघत म्हणाल्या, "मोगऱ्याचं पानी पौषात तोड. पानं गळू दे समदी. मंग छाटून शेनखत घाल आन पानी सोड. लवकर येतोय बघ." त्यांना अक्षर वाचता येत नाही. रकाना रिकामा आहे हे त्यांना मी फुटपट्टी घेऊन 'फाल्गुन, पांढरं' असं पुटपुटत बसले होते त्यावरून कळलं असावं. मी पेन्सिलीने 'मोगरा' लिहिलं, आणि शाळेत सांगताना मात्र ही युक्ती आपलीच असल्यासारखी सांगितली.

पहिल्या वर्षी बाजारातून पुड्या आणून भागवलं. दुसऱ्या वर्षी बाग लागली. आणि लागली म्हणजे अशी लागली की जाता-येता लोक फाटकापाशी थांबायला लागले. शाळेतल्या त्याच बाई बघायला आल्या आणि त्यांनी फोटो काढून त्याच ग्रुपवर टाकले. आमचे हे म्हणायचे, "पाणी घालते आई, कौतुक होतं मॅडमचं." मी म्हणायचे, "तुम्ही निदान स्कूटर तरी हलवा." त्यांनी हलवली नाही, मी तिच्यावर गोकर्ण चढवली.

आत्याबाई रोज सकाळी उठायच्या, आंघोळ करायच्या, दाराबाहेर पाच पावलं टाकायच्या, फुलं तोडायच्या आणि परत आत. दहा मिनिटांचं काम. मग त्या व्हरांड्यातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसायच्या ते दुपारपर्यंत. आधी त्या सकाळी परत आल्या की बडबड करायच्या, कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या पोराला लष्करात भरती मिळाली. मला त्या वेळी डब्यांची घाई असायची, मी नुसतं "हं हं" करायचे. ती बडबड कधी थांबली हे मला सांगता येणार नाही. शांतता झाली हे मला बरंच वाटलं होतं, हे मात्र सांगता येईल.

त्यांचे पाय सुजायला लागले. जेवण कमी झालं. पायरी उतरताना भिंत धरायला लागल्या. मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "आजी चालतात की नाही रोज?"

"नाही हो," मी म्हणाले, "त्यांना फिरायची सवयच नाही."

आत्याबाई शेजारी बसल्या होत्या. मला तरी तेव्हा त्यात खोटं काही बोलले असं वाटलं नाही, इतकी मी आपल्या बागेत गुंग होते. डॉक्टरांनी सांध्यांच्या गोळ्या लिहून दिल्या आणि आम्ही रिक्षाने घरी आलो.

हा गेल्या फाल्गुनातला विषय. त्याच महिन्यात एका रविवारी मी गव्हाचा डबा घेऊन गिरणीत गेले होते. रांगेत पुढे पलीकडच्या गल्लीतली एक बाई होती, चेहऱ्याने ओळखीची, बोलणं कधी झालेलं नव्हतं. तिने मागे वळून विचारलं, "तुमच्या आजी गावाला गेल्या का हो? दोन वर्षं झाली, दिसल्या नाहीत."

"नाही, घरीच आहेत," मी म्हणाले.

"घरी?" तिचा चेहराच उतरला. "मग आमच्याकडे का येत नाहीत? आमचं काही चुकलं का?"

आणि मग गिरणीच्या घरघरीत, पीठ उडत असताना, ती मोठमोठ्याने मला सांगत होती आणि मी ऐकत होते. आत्याबाई रोज तिच्या फाटकात यायच्या, हाक मारायच्या, तिने "घ्या आजी" म्हटल्याशिवाय जास्वंदीला हात लावायच्या नाहीत. मग पायरीवर बसून अर्धा कप चहा. तिच्या बाळाचं पोट दुखत होतं तेव्हा ओवा कसा शेकायचा ते त्यांनी दाखवलं. तिथून पुढे तगरीचं घर, मग कोपऱ्यावरच्या पारिजातकाचं घर. तिथली म्हातारी गुडघ्यांनी अधू, बाहेर पडत नव्हती, तिच्यापाशी त्यांची सगळ्यात जास्त वेळ बैठक. सात-आठ घरं होती, प्रत्येक घराचं फूल ठरलेलं. मी नकळत विचारलं, "आणि ते कण्हेरीचं घर? कॅमेरावालं?"

"अहो, तिथले आधीचे आजोबा स्वतःच म्हणायचे, आजी, कण्हेर तुमची. ते मुलाकडे गेले, घर विकलं. नवीन लोकांना काय माहीत? आजींनाही कुणी सांगितलं नाही."

त्या बाबानंच मला, असं आत्याबाई म्हणत होत्या. पुढचं वाक्य मी दोन वर्षांनी गिरणीत ऐकलं. माझा नंबर आला तेव्हा गिरणीवाला तीनदा ओरडला म्हणे.

मी घरी आले. त्या खुर्चीवर बसल्या होत्या, समोर माझी बाग. पिवळा गुलाब, लाल जास्वंद, पौषात पाणी तोडलेला मोगरा कळ्यांनी भरून आलेला. एका म्हातारीच्या वाटेत मी छत्तीस रकाने भरून ठेवले होते. तिला घराबाहेर पडायला कारणच उरणार नाही, असा बंदोबस्त मी स्वतःच्या हातांनी, फुटपट्टी लावून केला होता. मला त्यांच्याजवळ जाऊन बसायचं होतं, सांगायचं होतं, की माझं चुकलं. पण माझी खोड मी मघाशी सांगितलीच. मी कामाला लागले.

त्या संध्याकाळी त्या देवापुढे दिवा लावत असताना मी कात्री घेऊन बागेत गेले आणि फुलतील अशा सगळ्या कळ्या कापून टाकल्या. मोगरा, जास्वंद, गुलाब, झेंडू, काही ठेवलं नाही. पिशवीत भरून कचऱ्याच्या डब्यात तळाशी घातल्या. विचार असा, की सकाळी फूल नसलं तर त्या आपोआप छत्री घेतील आणि निघतील. माफी मागायची वेळ येणार नाही, आणि सगळं पूर्ववत होईल.

सकाळी आत्याबाईंनी बागेत एक फेरी मारली. प्रत्येक झाडापाशी वाकून पानं उलटी करून पाहिली. मग आत येऊन चिमूटभर तांदूळ कुंकवात कालवले आणि देवाला अक्षता वाहिल्या. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर त्या सुजल्या पायांनी बादली ओढत होत्या, पाणी अंगणभर सांडलेलं.

"कीड लागली वाटतं बाई तुझ्या झाडांना," त्या म्हणाल्या. "तमाखूचं पानी मारू. तू काळजी नको करू. लई कष्टानं केलंस."

मी बादली त्यांच्या हातातून घेतली. "आत्याबाई, फुलं नाहीत तर बाहेरून आणा ना. पूर्वी आणायचात तशी. जा की फिरून या."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला काही समजतं की नाही याची त्यांना शंका आली असावी. "जाऊ कशी? लेकाची आन हाय न्हवं? तू घातलेली."

मी विसरले होते. शप्पथ, हा शब्द आता वापरू नये, पण मी साफ विसरले होते. मला ती त्या संध्याकाळच्या भांडणातली एक ओळ वाटली होती. त्यांनी ती दोन वर्षं पाळली होती. फाटकाबाहेर त्या जात नव्हत्या, कारण बाहेर पडलं की पाय त्या घरांकडे वळणार, तिथे कुणी फूल पुढे करणार, आणि नको म्हणायचं तर कारण सांगावं लागणार, सुनेची तक्रार करावी लागणार. त्यापेक्षा खुर्ची बरी. हे त्यांनी मला नंतर तुटक तुटक सांगितलं.

"मग मला सांगायचं ना, सोडव म्हणून!" मी उलट त्यांच्यावरच ओरडले. रडता रडता ओरडले.

"आपल्या त्वंडानं कसं म्हनायचं? ज्यानं घातली त्यानंच 'सुटली' म्हनायचं आसतं."

लहानपणी आम्ही खेळताना गळ्याला चिमूट लावून शपथ घालायचो आणि खेळ संपला की "सुटली" म्हणून मोकळं करायचो. तेवढा एक शब्द. त्या रोज सकाळी पाच पावलं टाकून परत यायच्या तेव्हा मी स्वयंपाकघरात होते, हाकेच्या अंतरावर. मी बादली खाली ठेवली आणि म्हणाले, "सुटली." कळ्या मीच कापल्या होत्या हेही सांगून टाकलं. त्यावर त्या म्हणाल्या, "कवळ्या कळ्या कुनी तोडतं का? खुळीच हायस," आणि पदराने माझं तोंड पुसलं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत उशिरा येते म्हणून कळवलं आणि आम्ही दोघी निघालो. एका हातात छत्री, दुसरा हात माझ्या दंडावर. पूर्वी त्या तासाभरात सात-आठ घरं करायच्या. आता पहिल्या वळणापर्यंत जायलाच दोनदा थांबावं लागलं. जास्वंदीच्या घरची बाई धावत बाहेर आली, तिने त्यांना पायरीवर बसवलं, बाळ आता अंगणभर धावायला लागलेलं, ते दाखवलं. आत्याबाईंचा चेहरा उजळला. मला वाटलं, होईल, अजून सगळं नीट होईल. चहा झाल्यावर त्या लगेच उठल्या.

"बाकीची ऱ्हाऊ दे उद्या," त्या म्हणाल्या. "त्या कोपऱ्यावर चल. ती वाट बघून दमली आसंल."

पारिजातकाचं झाड दुरूनच दिसलं, आणि त्याच्या मागचं निळं फाटक. ते फाटक मी पाहिलेलं होतं.

तिथली सून अंगण झाडत होती. आम्हाला पाहून तिने झाडू टाकला. "आजी! किती दिवसांनी!"

"पाय न्हाई चालत गं आता," आत्याबाई म्हणाल्या. "कुटं हाय ती? उठली न्हाई का आजून?"

ती सून आधी त्यांच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. "आजी, आई गेल्या. तुळशीच्या लग्नाच्या आधी. तुम्हाला कळलं नाही?"

त्यांना कळलं नव्हतं. मला कळलं होतं. ग्रुपवर निरोप आला होता आणि वसाहतीतल्या बायकांबरोबर मीही पाव तास जाऊन आले होते, रीत म्हणून. जाताना पहिल्या बहराची शेवंती तोडून हार नेला होता. हार आत्याबाईंनीच व्हरांड्यात बसून ओवला होता. "कोन गेलं?" त्यांनी विचारलं होतं. "पलीकडच्या गल्लीतल्या एक आजी. तुमच्या ओळखीच्या नाहीत," मी म्हणाले होते. मयताच्या घरी बायकांनी त्या शेवंतीचं कौतुक केलं, आणि मी तिथे बसून, हलक्या आवाजात, काश्या कुठून आणल्या ते सांगितलं.

"शेवटी शेवटी रोज विचारायच्या," सून डोळे पुसत म्हणाली, "माझी फुलंवाली आली का म्हणून."

आत्याबाई छत्रीवर भार देऊन उभ्या राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या. "त्यो शेवंतीचा हार हिला व्हता व्हय?"

"हो," मी म्हणाले.

"मंग बरं झालं. माझ्या हातचा तरी गेला."

त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. आम्ही परत निघालो. त्या आता अगदीच सावकाश चालत होत्या आणि त्यांचा सगळा भार माझ्या दंडावर होता. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी विचारलं, "आत्याबाई, एवढा वेळ बसायचात, दोघी बोलायचात तरी काय?"

"काय न्हाई," त्या म्हणाल्या. "ती रोज इचारायची, सून कशी हाय गं तुझी. मी म्हनायची, लई गुनाची हाय."